कुत्र्याला गोचीड ताप, जंत झाले की ‘इम्युनिटी’ची पावडर किती कामाची? न्यूक्लिओटाइडबद्दल सविस्तर माहिती

पावसाळा उघडला की गोठ्याच्या भिंतीवर गोचिड चढताना दिसतात आणि काही दिवसांतच वस्तीवरचं एखादं कुत्रं खाणं सोडतं. भाकरी हुंगतं आणि बाजूला होतं. रात्री भुंकत नाही, कोपऱ्यात पडून राहतं. मालक मेडिकलमध्ये नाहीतर पशुखाद्याच्या दुकानात जातो, लक्षण सांगतो आणि ताकदीची पावडर किंवा बाटली घेऊन येतो. अलीकडे अशा डब्यांवर ‘इम्युनिटी’, ‘यीस्ट’, ‘न्यूक्लिओटाइड’ असे शब्द छापलेले असतात. मोबाईलवरही त्याचे व्हिडिओ फिरतात.

ही पावडर खोटी असते असं नाही. पण ती ज्या कामाची आहे ते काम वेगळं आणि आजारी कुत्र्याला त्या दिवशी जे लागतं ते वेगळं. हा फरक माहीत नसला की चार-पाच दिवस पावडर चारण्यात जातात आणि गोचीड तापात तेवढ्या दिवसांत कुत्रं दगावू शकतं. म्हणून न्यूक्लिओटाइड म्हणजे काय, त्याचा कुत्र्यांवर खरा अभ्यास कुठे झाला, त्यातून काय निघालं आणि आपल्याकडच्या कुत्र्याला त्याचा उपयोग कधी, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

न्यूक्लिओटाइड म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक पेशीत डीएनए आणि आरएनए असतात हे शाळेत शिकवलेलं असतं. भिंत जशी विटांची, तसे हे डीएनए-आरएनए न्यूक्लिओटाइडचे बनलेले असतात. एक पेशी फुटून दोन व्हायच्या तर डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते आणि त्यासाठी या विटा लागतात. शरीर त्या स्वतः बनवतं. शिवाय जुन्या मेलेल्या पेशींमधल्या विटा काढून परत वापरतं, पडक्या घराचं सामान नव्या बांधकामाला लावावं तसं. म्हणून निरोगी कुत्र्याला बाहेरून न्यूक्लिओटाइड दिलंच पाहिजे असं काही नाही.

पण शरीरात काही ठिकाणी पेशी फार वेगाने तयार होतात. आतड्याचं अस्तर काही दिवसांतच नवं होतं. हाडातल्या मगजात रक्ताच्या पेशी सतत बनतात. रोग आला की त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाच्या अनेक व्हाव्या लागतात. अशा वेळी मागणी वाढते आणि घरच्या विटा कमी पडू शकतात. तेव्हा खाण्यातून आलेल्या न्यूक्लिओटाइडचा आधार होतो. वाढीच्या वयात, आजारपणात आणि आतडं खराब झालेलं असताना हा आधार जास्त कामाचा. आईच्या दुधात न्यूक्लिओटाइड असतात आणि लहान बाळांच्या डब्याच्या दुधात कंपन्या ते वरून घालतात, त्याचं कारण हेच. माशांच्या आणि डुकरांच्या पिल्लांच्या खाद्यातही ते वापरलं जातं.

खाण्याच्या पदार्थांत न्यूक्लिओटाइड सगळ्यात जास्त कलेजीत आणि पोटातल्या इतर अवयवांत, तसंच माशात असतात. साध्या मटण-चिकनमध्ये त्याहून कमी. गायीच्या दुधात आणि अंड्यात अगदी थोडे. दुकानातल्या पावडरमध्ये ते बहुतेक यीस्टपासून काढलेले असतात. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात यीस्ट घालतात हे शेतकऱ्यांना माहीत आहेच, मूळ माल तोच.

अभ्यास झाला तो स्पेनमध्ये, वेगळ्याच रोगावर

परजीवी रोग झालेल्या कुत्र्याला न्यूक्लिओटाइड देऊन पाहण्याचं महत्त्वाचं काम स्पेनमध्ये झालं. तिथे आणि भूमध्य समुद्राच्या काठच्या इतर देशांत कुत्र्यांना लेशमॅनिया नावाच्या सूक्ष्म परजीवीचा रोग होतो. सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी चावल्यामुळे तो पसरतो. कुत्रं बारीक होत जातं, डोळ्यांभोवतीचे केस जातात, कातडीला खपल्या धरतात, नखं वेडीवाकडी वाढतात आणि शेवटी किडनी निकामी होते. कुत्र्याच्या शरीरातून हा परजीवी पूर्णपणे निघून जाईल असं औषध अजून नाही. रोग दाबून ठेवता येतो. त्यामुळे कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्ती कशी आहे यावर सगळं अवलंबून असतं. एकाच गावातली दोन कुत्री, दोघांनाही लागण झालेली, पण एक वर्षानुवर्षे ठणठणीत आणि दुसरं सहा महिन्यांत हाडांचा सापळा, असं तिथे दिसतं.

तिथला नेहमीचा उपचार म्हणजे अँटिमनीची इंजेक्शनं आणि सोबत अ‍ॅलोप्युरिनॉलच्या गोळ्या. ही गोळी आपल्याकडे युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या, सांधे सुजलेल्या माणसांना देतात, तीच. कुत्र्यांना ती कित्येक महिने द्यावी लागते आणि तिचा एक त्रास आहे. झँथिन नावाचा पदार्थ लघवीत साठतो, त्याचे खडे होतात. काही कुत्र्यांची लघवी अडते, किडनी बिघडते. म्हणून तिला पर्याय शोधणं सुरू होतं.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा रोग झालेली ६९ कुत्री घेतली. त्यांचे दोन गट केले. एका गटाला अ‍ॅलोप्युरिनॉल, दुसऱ्याला न्यूक्लिओटाइड आणि त्यासोबत एएचसीसी नावाचा अर्क. हा अर्क शिताके अळिंबीच्या तंतूंपासून काढतात, तो मूळचा जपानचा. प्रमाण रोज वजनाच्या प्रत्येक किलोला ३२ मिलिग्रॅम न्यूक्लिओटाइड आणि १७ मिलिग्रॅम अर्क. म्हणजे १५ किलोच्या गावरान कुत्र्याला न्यूक्लिओटाइड साधारण अर्धा ग्रॅम. हे १८० दिवस चाललं. दोन्ही गटांतली कुत्री सुधारली. सहा महिन्यांनंतर पावडरच्या गटातल्या कुत्र्यांची लक्षणं जास्त कमी झालेली होती आणि लघवीतल्या झँथिनचा त्रास अ‍ॅलोप्युरिनॉलच्या गटात दिसला.

एवढं वाचून पावडरने रोग बरा झाला असं कुणीही म्हणेल. व्हिडिओंमध्ये म्हणतातही. पण याच अभ्यासातली एक गोष्ट सांगायची राहून जाते. दोन्ही गटांतल्या प्रत्येक कुत्र्याला सुरुवातीचे २८ दिवस अँटिमनीची इंजेक्शनं दिली होती, रोज दोन वेळा. परजीवीवर पहिला घाव औषधाने घातला आणि मग कुत्र्याला उभं ठेवायला पावडर दिली. नुसती पावडर देऊन आजारी कुत्र्याचं काय होतं, हे त्या अभ्यासात तपासलेलंच नव्हतं.

दुसरा अभ्यास २०१८ चा. त्यात लागण झालेली, पण वरून निरोगी दिसणारी कुत्री घेतली. एका गटाला वर्षभर पावडर, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत काही नसलेली पुडी. वर्षाच्या शेवटी हिशोबात धरलेल्या प्रत्येकी २० कुत्र्यांपैकी पावडरच्या गटात ३ कुत्र्यांचा रोग पुढे सरकला, दुसऱ्या गटात १० कुत्र्यांचा. हा फरक लहान नाही. पण कुत्र्यांची संख्या कमी आहे आणि या अभ्यासांत पावडर बनवणाऱ्या कंपनीची माणसं होती, तेही ध्यानात ठेवावं. बियाण्याच्या कंपनीने स्वतःच्या प्लॉटवर काढलेला उतारा शेतकरी जसा ऐकून घेतो पण लगेच सगळं रान त्याच बियाण्याखाली घालत नाही, तसंच हे. शिवाय न्यूक्लिओटाइड आणि अळिंबीचा अर्क एकत्र दिले होते. कुणाचा गुण किती, ते यातून वेगळं काढता येत नाही. डब्यात नुसतं यीस्ट असेल तर स्पेनचा निकाल त्या डब्याला लावता येत नाही.

यातून परजीवीलाच खाऊ मिळत नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. लेशमॅनिया असो की गोचीड तापातला बबेसिया, हे परजीवी प्युरिन जातीच्या विटा स्वतः बनवू शकत नाहीत. ज्याच्या अंगात राहतात त्याच्याकडून उचलतात. अ‍ॅलोप्युरिनॉल गोळी लेशमॅनियावर चालते तीही याच खोडीमुळे. परजीवी तिला वीट समजून उचलतो आणि त्याचं बांधकाम बिघडतं. मग बाहेरून आणखी विटा दिल्या तर चोराच्या हातात किल्ली दिल्यासारखं होणार नाही का? स्पेनच्या कुत्र्यांमध्ये तसं झालं नाही. खाण्यातले न्यूक्लिओटाइड आतड्यात आधी फुटतात, बराचसा भाग आतड्याचं अस्तर आणि लिव्हर वापरून टाकतात. पण तिथे परजीवीला औषधाने आधी दाबलेलं होतं किंवा रोग मुळातच वर आलेला नव्हता, हे इथेही विसरू नये.

आपल्याकडचा रोग कोणता?

कुत्र्यांचा लेशमॅनिया हा महाराष्ट्रातल्या गावांचा नेहमीचा प्रश्न नाही. देशात बिहार, झारखंड, बंगाल, उत्तर प्रदेश या भागात माणसांना काळा आजार होतो, तो याच कुळातल्या वेगळ्या जातीचा आहे आणि तिथे तो माणसाकडून माणसाकडे वाळूमाशीमार्फत जातो. वाळूमाशी मात्र आपल्याकडेही आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला आणि त्या गावाच्याच नावाने ओळखला जाणारा विषाणू तीच माशी पसरवते.

आपल्या कुत्र्यांना मारतात ते गोचीड ताप आणि जंत. गोचीड ताप हे एका रोगाचं नाव नाही. कुत्र्याच्या तांबूस गोचिडातून मुख्यतः दोन रोग येतात. एक बबेसिया. हा खरा परजीवी आहे, तांबड्या पेशीत शिरून ती फोडतो. गायीला लाल लघवीचा ताप येतो त्याचा हा भाऊबंद. दुसरा एर्लिकिया. हा शास्त्राने जीवाणूत मोडतो, पांढऱ्या पेशीत राहतो आणि डेंग्यूसारख्या प्लेटलेट पाडतो. तिसरा हेपॅटोझून, तो कुत्र्याने गोचीड दाताने काढून गिळली की होतो. एकाच कुत्र्याला दोन रोग एकदम होणं नवलाचं नाही.

औषध दोघांचं वेगळं. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. बबेसियाला वेगळी इंजेक्शनं आणि त्यातही बबेसियाच्या जातीप्रमाणे फरक. गायीला लाल लघवीत दिलं जाणारं डायमिनाझीन कुत्र्याला डोस थोडा जास्त झाला तरी मेंदूवर जाऊ शकतं. गायीचं उरलेलं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचण्याचे प्रकार होतात, ते जिवावर बेततात.

म्हणून आधी रक्त तपासलं पाहिजे. कानाच्या कडेचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी बबेसिया पुष्कळदा सापडतो. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन कुठल्याही लॅबमधल्या मशीनवर निघतं, पण कुत्र्याचं रिपोर्ट माणसाच्या आकड्यांशी ताडून पाहू नये. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात कुत्रं दाखवता येतं. शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर आणि मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या दवाखान्यांतही कुत्र्यांवर उपचार होतात.

घरी बघायचं ते एवढं. कुत्र्याचं अंगाचं तापमान गुदद्वारातून १०० ते १०२.५ फॅरनहाइटपर्यंत असतं, १०३ च्या वर गेलं की ताप धरावा. ओठ वर करून हिरड्या बघाव्यात. गुलाबी असल्या तर ठीक, पांढुरक्या झाल्या तर रक्त उतरलं, पिवळ्या झाल्या तर कावीळ. लघवी काळ्या चहासारखी, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि एक खबरदारी. खाणं सोडलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालून पावडर किंवा औषध कोंबू नये. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, जबडा लोंबत असेल, अचानक अंगावर येत असेल किंवा अंधारात लपत असेल तर ते पिसाळलेलं असू शकतं. अशा कुत्र्याची लाळ हाताच्या खरचटलेल्या जागेला लागली तरी माणसाला रेबीजची लस घ्यावी लागते.

पावडरला फुकटचं श्रेय कसं मिळतं

एर्लिकियाचा एक डाव समजून घेण्यासारखा आहे. सुरुवातीचा ताप दोन ते चार आठवड्यांत पुष्कळ कुत्र्यांत आपोआप उतरतो. कुत्रं परत खायला लागतं, शेपटी हलवायला लागतं. त्या काळात जे काही दिलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. पावडर दिली असेल तर पावडरला, झाडपाला दिला असेल तर झाडपाल्याला, अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला. मालक चार जणांना सांगतो, ते पुढे आणखी चार जणांना सांगतात.

पण रोग गेलेला नसतो. तो आत दबून बसतो, महिने, कधी वर्षं. मग एक दिवस कुत्र्याच्या नाकातून रक्त येतं आणि थांबत नाही. तोवर हाडातला मगज सुकलेला असतो. नव्या पेशी बनवणारा कारखानाच बंद पडलेला असतो आणि त्या अवस्थेत औषधही फारसं चालत नाही. कारखाना बंद असेल तर दारात विटांचा ढीग टाकून उपयोग नाही. त्यामुळे कुत्रं बरं दिसायला लागलं तरी गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा आणि संपल्यावर प्लेटलेट परत एकदा तपासून घ्यायच्या. हे काम फार कमी लोक करतात.

पिल्लांचे जंत: हिशोब करून बघा

गोचिडाइतकेच बळी जंत घेतात, फक्त ते दिसत नाहीत. ‘पिल्लं लागली नाहीत’ एवढं म्हणून विषय संपतो. कुत्रीच्या अंगात हुकवर्मच्या, म्हणजे अंकुशकृमीच्या अळ्या दबून असतील तर त्या दुधातून पिल्लांत जातात. गोल जंत तर पिल्लू पोटात असतानाच त्याच्या अंगात उतरलेले असतात. एक हुकवर्म दिवसाला साधारण ०.१ मिलीलीटर रक्त खातो. पिल्लाच्या पोटात शंभर हुकवर्म असले तर दिवसाला १० मिलीलीटर. एक किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त ८० ते ९० मिलीलीटर. म्हणजे तीन आठवड्यांचं गुबगुबीत दिसणारं पिल्लू एकाएकी पांढरं पडून मरतं ते का, हे या आकड्यांत आहे. विष्ठा डांबरासारखी काळी होते ती आतल्या रक्तामुळेच.

यावर उपाय स्वस्त आहे. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताचं औषध, मग दर दोन आठवड्यांनी आठ आठवड्यांचं होईपर्यंत, आणि त्याच वेळी कुत्रीलाही. पायरँटेल, फेनबेंडाझोल ही औषधं डॉक्टर पिल्लाच्या वजनावर देतात. वजन अंदाजाने सांगू नये, तागडीत तोलावं. हे औषध आधी दिलं आणि नंतर आतड्याचं फाटलेलं अस्तर, गेलेलं रक्त भरून काढायला चांगलं खाणं दिलं तर न्यूक्लिओटाइडचा उपयोग खरा इथे होतो. जंत आत तसेच ठेवून ताकद देणं म्हणजे फुटक्या हौदात मोटार चालू ठेवणं.

हे जंत माणसालाही सोडत नाहीत. गोल जंताची अंडी अंगणातल्या मातीत राहतात आणि पोरांच्या हातातोंडातून पोटात जातात. तिथून अळ्या लिव्हर, फुफ्फुस, कधी डोळ्यापर्यंत पोचतात. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरून नागमोडी रेघा उठवतात.

कलेजी द्या, पण कच्ची नको

महागडी पावडर परवडत नसेल तर कलेजी हा न्यूक्लिओटाइडचा घरचा आणि स्वस्त साठा आहे. सोबत लोह आणि प्रथिनंही मिळतात. रक्त उतरलेल्या कुत्र्याला तिचा फायदा आहे. पण गावात कलेजी-फुफ्फुस कुत्र्याला मिळतं ते कसं? जत्रेत, कंदुरीला बोकड कापला की खराब निघालेला भाग बाजूला फेकतात आणि कुत्री तो कच्चाच ओढून नेतात.

त्या कलेजीवर किंवा फुफ्फुसावर पाण्याच्या पांढऱ्या पिशव्या असतील तर त्या हायडॅटिड रोगाच्या गाठी असतात. शेळ्या-मेंढ्यांत हा रोग असतो. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलीमीटरचे बारीक पट्टकृमी तयार होतात, हजारोंनी. कुत्र्याला काही होत नाही, ते मजेत फिरतं. पण त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, गवतावरून मेंढ्यांच्या पोटात जातात आणि पाण्यातून, भाजीतून, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांतून माणसाच्या पोटात. माणसाच्या लिव्हरमध्ये, फुफ्फुसात तशाच पिशव्या वर्षानुवर्षे वाढतात आणि ऑपरेशन करावं लागतं. मेंढपाळ कुटुंबांना, वाड्यावरच्या लेकराबाळांना याचा धोका जास्त, कारण कुत्रं तिथे चोवीस तास सोबत असतं.

तेव्हा गाठी असलेला भाग कुत्र्याला अजिबात देऊ नये. तो जाळावा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. चांगली दिसणारी कलेजीसुद्धा बारीक तुकडे करून किमान अर्धा तास उकळावी आणि पाण्यासकट भाकरीत कालवून द्यावी, कारण न्यूक्लिओटाइडचा बराच भाग त्या पाण्यात उतरतो. रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर ‘अ’ जीवनसत्त्व जास्त होऊन हाडं धरतात. मेंढ्यांमागच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेलची गोळी ठरावीक दिवसांनी देत राहावं लागतं, किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतात.

गावातली बहुतेक कुत्री भाकरी, ताक आणि उरलेल्या कालवणावर असतात. त्यात प्रथिनं कमी. प्रतिकारशक्तीच्या पेशी नुसत्या न्यूक्लिओटाइडवर बनत नाहीत, प्रथिनं आधी लागतात. उकडलेलं अंडं, काटे काढलेला शिजवलेला मासा, शिजवलेलं चिकन यातलं जे जमेल ते थोडं थोडं द्यावं. कालवणात मात्र कांदा-लसूण असतो आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. बबेसिया आधीच त्याच पेशी फोडत असताना वरून कांद्याचा रस्सा दिला तर दोन्हीकडून रक्त उतरतं. आजारी कुत्र्याचं खाणं बिनकांद्याचं वेगळं शिजवावं.

गोचिड भिंतीत असतात

कुत्र्याचा तांबूस गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी पिऊन झालं की खाली पडतो. मादी भिंतीच्या फटीत, दगडी कुंपणात हजारो अंडी घालते. उपाशी गोचीड महिनोन् महिने तग धरतो. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावरचे दहा काढले तरी फटीतले शेकडो वाट बघत असतात. फटी लिंपून घेणं, चुना मारणं, कुत्र्याचं जुनं पोतं जाळून टाकणं याला पर्याय नाही. काढलेला गोचीड नखाने चिरडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात माकडताप गोचिडांमुळेच पसरतो, जात वेगळी असली तरी सवय चांगली ठेवावी.

कुत्र्याच्या अंगावर फवारणीचं कीटकनाशक, कपाशीची पावडर किंवा जळकं ऑईल चोळण्याचा प्रकार अजून चालतो. कुत्रं अंग चाटतं आणि विष पोटात जातं. गोचिडापेक्षा या उपायाने मेलेली कुत्री कमी नसतील. कुत्र्यासाठीचा पट्टा, मानेवर टाकायचे थेंब किंवा खायची गोळी मिळते. मेडिकलवाल्यापेक्षा डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण वय आणि वजनाप्रमाणे ती बदलते. स्पेनमध्येसुद्धा वाळूमाशीपासून कुत्रं वाचवायला आधी औषधी पट्टाच बांधतात, पावडरचा नंबर नंतर लागतो.

मग पावडर कधी घ्यावी?

रोगाचं निदान झालं, औषध सुरू झालं, कुत्रं पुन्हा खायला लागलं, त्यानंतर. पिल्लाला जंताचं औषध दिल्यावर, गोचीड तापातून उठलेल्या कुत्र्याला अंग धरेपर्यंत, म्हातारं किंवा सतत जुलाब होणारं कुत्रं असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने महिना-दोन महिने देऊन बघायला हरकत नाही. घेताना डब्याची मागची बाजू वाचावी. न्यूक्लिओटाइड किती मिलिग्रॅम हे लिहिलेलं असलं पाहिजे. नुसतं ‘यीस्ट’ लिहिलं असेल किंवा ‘मॅनन’, ‘बीटा ग्लुकन’ असेल तर ते यीस्टच्या वरच्या सालीतले पदार्थ आहेत, न्यूक्लिओटाइड आतल्या गाभ्यात असतात. गायी-कोंबड्यांच्या खाद्याची पावडर कुत्र्याला वापरू नये, त्यात मीठ, खनिजं आणि इतर औषधं वेगळ्या प्रमाणात असतात. पावाचं कच्चं यीस्टवालं पीठही नको, पोटात फुगतं.

पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली डालमेशियन कुत्री शहराकडून गावात आलेली दिसतात. त्या जातीला न्यूक्लिओटाइडची पावडर आणि कलेजी दोन्ही टाळावी. इतर कुत्री युरिक अ‍ॅसिड लिव्हरमध्ये बदलून टाकतात, या जातीत ते तसंच लघवीत उतरतं आणि खडे होतात. खड्यांसाठी ज्या कुत्र्याला अ‍ॅलोप्युरिनॉल चालू आहे, त्यालाही कलेजी बंदच ठेवावी.